जुळलेली रॅम

शिक्षिकेच्या जुन्या लॅपटॉपला कुठलीच रॅम मानवेना. दुकानदाराने बदलून बदलून पाहिल्या, पण स्क्रीन काळी ती काळीच. शेवटी त्याने बायकोच्या लॅपटॉपमधली काढून बसवली. बायको वारल्यापासून त्या लॅपटॉपला त्याने हातही लावला नव्हता. ही रॅम मात्र लगेच जुळली.

दुसऱ्या दिवशी शिक्षिका परत आली.

"चालतोय छान, पण सुरू केला की कुणीतरी खोकतं हो."

"पंखा घासत असेल, ताई."

त्याने पंखा काढला, स्पीकरच्या वायरी सोडवल्या आणि बटण दाबलं. आधी कोरडी ढास ऐकू आली, मग ओढून घेतलेला श्वास. बायकोच्या शेवटच्या आजारपणात मागच्या खोलीतून येणारं हेच खोकणं ऐकत तो इथे काम करत बसायचा.

"वीज तुटली की रॅम सगळं विसरते," तो स्वतःलाच समजावल्यासारखं पुटपुटला. त्याने घाईघाईने बॅटरी काढली, रॅम उपसून मुठीत घट्ट धरली.

"थांबलं बघा."

शिक्षिका त्याच्या पाठीमागच्या बंद दाराकडे बघत होती.

"थांबलंय कुठे? आत कोण आहे, त्यांना आधी पाणी तरी द्या."