स्वतःच्या विनंतीवरून

बायकोला सगळं आधीच कळतं, हे निर्विवाद सत्य आहे. फक्त तपशील चुकतो.

जहाज कंपनीच्या ऑफिसात, भल्यामोठ्या बोटीच्या फोटोखाली बसलेल्या आचाऱ्याच्या बायकोलाही सगळं आधीच कळलं होतं. समोरचा साहेब फाइल चाळता चाळता फार गोड बोलत होता, म्हणजे नकार येणार हेसुद्धा. घराचे हप्ते आणि म्हातारी सासू, दोन्ही आता तिच्या एकटीच्या गळ्यात होते.

नवरा मालवाहू जहाजावर आचारी. वीस वर्षं त्यानं परक्या तोंडांना वेळेवर जेवू घातलं आणि वर्षाकाठी दोन महिने घरी येऊन तिच्या हातच्या मिठाला नावं ठेवली. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती या खेपेला. करार संपत आला आणि यानं कळवलं, आणखी चार महिने थांबतो. दर्यावरचा माणूस घरी यायला नको म्हणतो, तेव्हा त्याला काही दर्या आवडू लागलेला नसतो.

मग पुरावे आपल्या पायांनी चालत येऊ लागले. व्हिडिओ कॉलवर तो बारीक दिसला. पन्नाशीचा पुरुष बारीक होतो तो काय बायकोसाठी? एकदा फोनवर मागून बाईचा आवाज आला. भाषा परकी, पण सूर हुकमी, सवयीचा. विचारलं तर म्हणाला, बंदरात उतरलोय, दुकानात आहे. दुकानातली बाई गिऱ्हाइकाला असं दटावत नाही. आणि कहर म्हणजे फोन ठेवताना तो ‘जपून राहा’ म्हणाला. वीस वर्षांत हा माणूस ‘ठेवतो’ याखेरीज काही म्हणाला नव्हता. हे कुणीतरी शिकवल्याशिवाय येत नाही. पुढच्या खेपेला त्यानं विचारलं, कंपनीच्या कागदांवर वारस म्हणून तुझंच नाव आहे ना, बघून घे. पाप बोलत होतं, दुसरं काय.

कामं करता करता तिनं मनातल्या मनात त्या बाईला धारदार नाक दिलं, लांब केस दिले, कमावती केली. घडवता घडवता बाई इतकी देखणी झाली की तिच्यापुढे आपलं काही खरं नाही, असं तिचं तिलाच वाटू लागलं. त्या बाईच्या मिठाला तो नावं ठेवत नसणार, याचा तर सगळ्यात जास्त राग.

करार मोडून माणूस घरी आणायचा एकच हमखास उपाय होता. खलाशांच्या बायकांना तो तोंडपाठ असतो. घरात कुणीतरी मरावं लागतं. सासूबाई शेजारीच वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या.

“मला मारून तो येत असेल तर मार बाई,” त्या म्हणाल्या. “तुझ्या सासऱ्यांना बोलावून घ्यायला मी माझी सासू दोनदा मारली होती.”

कंपनी माणुसकीची निघाली. पुढच्याच बंदरात त्याला उतरवलं, विमानाचं तिकीट काढलं, वर शोकसंदेश पाठवला. तो दारात आला, त्यानं शेंगा सोलणारी आई पाहिली आणि बॅगेसकट मटकन खाली बसला. आरोपपत्र तयारच होतं.

“कोण आहे ती?”

“डॉक्टर आहे.”

“म्हणजे शिकलेली गाठलीत. वय काय तिचं?”

तो म्हणाला, “चार महिने दम धरायचा होतास गं.”

यावर तिनं त्याच्याशी बोलणंच टाकलं. ते इथल्या दवाखान्यात पुन्हा सुरू झालं. बाई डॉक्टर होती हे खरं निघालं. आजारही खरा निघाला. महिना उलटायच्या आत तो गेला, घरच्या पलंगावर, तिच्या हातात हात देऊन. तिनं रीतसर आकांत केला, मनापासून केला. पण एक सल गेली नाही. मरायलासुद्धा या माणसाला घर नको होतं. तिथंच थांबायचं होतं, त्या डॉक्टरणीच्या मुलखात.

साहेबानं फाइल मिटली.

“वहिनी, करार चालू असताना ते जहाजावर वारले असते, तर भरपाई द्यायला कंपनी बांधील होती. आजारी म्हणून आम्ही उतरवलं असतं, तरी बांधील होती. पण आजाराचं त्यांनी कप्तानालासुद्धा कळू दिलं नाही. ते उतरले स्वतःच्या विनंतीवरून. शिडी उतरले, तिथं करार संपला.”

“चालू करार म्हणजे, ते चार महिने?”

“तेच. हट्टानं मागून घेतले होते त्यांनी. मला फोन करून विचारलंसुद्धा, जहाजावर काही बरंवाईट झालं तर बायकोला सगळं मिळतं ना. आजारी पडून उतरलो तर काय, हे मात्र विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

ती फोटोतल्या बोटीकडे बघत राहिली. म्हणजे तो एका बाईसाठीच तिकडे अडून बसला होता. ते तिनं अगदी बरोबर ओळखलं होतं. बाई कोण, एवढा एकच तपशील चुकला.

साहेबालाच अवघडल्यासारखं झालं. त्यानं पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

“कंपनी माणसांना वाऱ्यावर सोडत नाही, वहिनी. तुमच्या सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही दुसऱ्या दिवशी तिकीट दिलं होतं की नाही?”

कंपनीच्या दप्तरी त्या घरातला तेवढा एकच मृत्यू होता, आणि तो घरी संध्याकाळच्या भाजीसाठी शेंगा सोलत बसला होता.