बारावं मशीन

"आणि हा एक कोण?" लिफ्टवाल्यानं विक्रीच्या वहीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

समोर काका गुडघा चोळत बसले होते. त्यांना आपली बारा व्हेंडिंग मशिनं विकायची होती. नाणं टाकलं की बिस्किटांची नाहीतर गोळ्यांची पुडी खाली पडते, तसली. दवाखान्यात एक, बस डेपोत दोन, कोर्टाच्या जिन्याखाली एक, अशी गावभर पसरलेली. दर सोमवारी फेरी मारायची, मशिनं भरायची, गल्ला काढायचा. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून काका ही फेरी जशीच्या तशी द्यायला निघाले होते, आणि दीड वर्षाच्या नफ्याइतकी किंमत मागत होते.

अकरा मशिनांचे आकडे तापकऱ्याच्या नाडीसारखे वरखाली होत होते. बारावं मशीन बंद पडलेल्या कापडगिरणीच्या फाटकाशी होतं. तिथे दर आठवड्याला पेपरमिंटची एक पुडी खपलेली. दोन नाही, शून्य नाही. वर्षानुवर्षं एकच.

"घेतं कुणीतरी," काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "त्या मशिनचे पैसे मी धरलेलेच नाहीत. फक्त ते तिथून हलवायचं नाही, आणि पेपरमिंटचा कप्पा रिकामा ठेवायचा नाही. एवढं कागदावर लिहून द्या."

लिफ्टवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. फुकटाची वस्तूच सगळ्यात महाग पडते, हे तो शिकून बसला होता. तीन वर्षांपूर्वी एका गोडबोल्यानं त्याच्या गळ्यात टेम्पो मारला होता. इंजिन आतून गेलेलं, वर नुसता रंग. त्यात बायकोचे दागिने गेले. आता उरले होते ते चोवीस वर्षं दुरुस्तीला लिफ्टच्या खड्ड्यात उतरून मिळालेले निवृत्तीचे पैसे. ते बुडाले की संपलं.

"आकडे रचलेत," घरी येऊन तो म्हणाला. "बारावं खोटं, तर बाराही खोटी."

"रचायचेच तर कुणी एकावर रचतं का? शंभर लिहायला त्यांची शाई संपली होती?" बायको हसली.

"तू थांब गं. पाणी कुठंतरी मुरतंय."

"मग जा, खणून बघा. डबा तेवढा न्या. पेपरमिंटवर दिवस निघायचा नाही."

संशयाला डोळे हजार, पण पापणी एक नाही. मंगळवारी सकाळीच तो गिरणीसमोरच्या बाकावर जाऊन बसला. फाटक गंजलेलं, आत कमरेएवढं गवत. दिवसभरात एक कुत्रं आलं, मशीनला पाठ घासून गेलं. बुधवारी तेही आलं नाही. लिफ्टवाल्याची खात्रीच पटली. काका स्वतःच नाणं टाकत असणार, मेलेलं मशीन जिवंत दाखवायला. आणि जो इथे टाकतो, तो डेपोत का टाकणार नाही? मागतात त्याच्या निम्मे द्यायचे, तेही हप्त्यानं, असं त्यानं मनाशी पक्कं केलं.

गुरुवारी दहाच्या सुमारास फाटकातलं छोटं दार करकरलं. आतून पहारेकरी आला, काकांपेक्षाही वयानं मोठा. त्यानं नाणं टाकलं. पुडी पडली. ती न फोडताच त्यानं खिशात घातली.

लिफ्टवाला उठून जवळ गेला. "गोड फार आवडतं वाटतं, दादा?"

"साखर आहे मला. डॉक्टरांनी गोड कधीच तोडलंय."

"मग घेता कशाला?"

"तुम्हाला हो कशाला नसत्या पंचायती?"

"हे मशीन मी विकत घेतोय, म्हणून विचारलं."

पहारेकऱ्याचा चेहरा उतरला. "म्हणजे... सोमवारी धाकटा यायचा नाही आता?"

मग तो लिफ्टवाल्याला आपल्या खोलीत घेऊन गेला आणि टेबलाचा खण ओढला. खणात पेपरमिंटच्या पुड्या होत्या. एकही फोडलेली नाही, सगळ्या ओळीनं लावलेल्या.

"चौदा वर्षं बोलत नाही आम्ही भाऊ. बापाच्या घरावरून शब्दाला शब्द वाढला. सोमवारी तो आला की मी आतल्या अंगाला निघून जातो. समोर पडलो तर बोलायचं काय? पण एक पुडी मी काढली, की ती भरायला त्याला यावंच लागतं. तो गेल्यावर कप्पा भरलेला दिसला, की समजायचं, धाकट्याचे हातपाय चालतायत."

लिफ्टवाल्याला खिडकीबाहेर बघणारे काका आठवले. त्यानं खण हळूच आत ढकलला.

शुक्रवारी काका करारपत्र पुढ्यात घेऊनच बसले होते. खाली दोन्ही अटी ठळक अक्षरात. लिफ्टवाल्यानं पेन काढलं आणि दोन्हींवर काट मारली.

गुडघ्यावरचा काकांचा हात थांबला. "मग हा व्यवहार होत नाही."

"होतोय. अकरा मशिनांचे तुम्ही मागता तेवढे देतो, छदामही कमी नाही. जो एकाचा एकच लिहितो, त्याच्या शंभराचे शंभरच असणार. बारावं तुमच्याकडेच राहू द्या. एक पुडी भरायला गुडघे लागत नाहीत, काका."

आता संशय काकांच्या डोळ्यांत उतरला. "आणि तुमची अट काय?"

"एकच," लिफ्टवाला सही करता करता म्हणाला. "सोमवारी नको, गुरुवारी जा. दहाच्या सुमारास."