खिडकीची खळ

दोन काचांच्या मधे माशी गुणगुणली.

स्वयंपाकघरात तिघीही थांबल्या. म्हाताऱ्या आन्येलेच्या बोटांत बदकाचं पीस तसंच राहिलं. तिच्या सुनेनं, दाल्यानं, हातातली बरणी खाली ठेवली; सकाळपासून ती बरणी तिसऱ्यांदा पुसून होत होती. सहा वर्षांची उग्ने स्टुलावर चढली आणि काचेला नाक लावून म्हणाली, "आजी, माशी उठली."

"उठू दे. परत झोपेल. तू आधी खाली उतर, पिसं उडतात."

टेबलावर पिसांचा ढीग होता. हिवाळाभर हेच चाललं होतं. दांडीपासून मऊ भाग ओढून काढायचा, उशीसाठी जमवायचा. मोठ्यानं हसायचं नाही, शिंकायचं नाही, दार झटक्यात उघडायचं नाही. दाल्याला वाटे, श्वाससुद्धा विचारून घ्यावा लागतो इथं. मार्च लागला होता, पण तळं अजून पांढरंच होतं. कोबीचा, धुराचा, ओल्या लोकरीचा वास नोव्हेंबरपासून घरात कोंडून राहिला होता. खिडकीच्या फटींवर वर्तमानपत्राच्या पट्ट्या खळीनं चिकटवलेल्या. दोन काचांमधे कापूस अंथरलेला, त्यावर लाल रानफळांचा सुकलेला घोस.

पट्ट्या रोकासनं लावल्या होत्या, नॉर्वेला मासळीच्या कारखान्यात कामाला गेला त्याच्या आदल्या दिवशी. शेवटची पट्टी त्यानं उग्नेला उचलून तिच्या अंगठ्यानं दाबून घेतली होती. म्हणाला होता, "ही निघाली ना, की तुझा बाबा दारात उभा."

"आई, खिडकी उघडू या ना," उग्ने म्हणाली. "माशीला कळलं थंडी गेली ते, आपल्याला कसं नाही कळलं?"

"गेली नाही अजून."

"काल पण तू हेच म्हणालीस."

"काल पण थंडीच होती."

"पोरगी वकील होणार," आन्येले पिसांकडे बघतच म्हणाली. "बापावर गेलीय. बोलण्यात हरायची नाही."

 दाल्या दारापर्यंत गेली, परत आली. आपण काय आणायला निघालो होतो ते तिला आठवेना. रविवारी रोकासचा फोन आला होता. उन्हाळ्यात इथं दुप्पट काम असतं गं, तो म्हणाला होता. नाताळला बघू. तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. तीन दिवस झाले, ती नुसती उठत होती आणि बसत होती.

"लाकडं आणते," ती म्हणाली.

"चुलीशी आहेत की ढीगभर."

"आणते अजून."

बाहेर छपराखाली ती जरा वेळ रिकाम्या हातांनी उभी राहिली. रस्त्यावरच्या बर्फात एका घसरगाडीची रेघ होती, तीही सकाळचीच. मग तिनं लाकडं उचलली, वळली, कोपरानं दार ढकललं, आणि घर पांढरं झालं.

उग्नेनं पट्ट्या टराटरा ओढून काढल्या होत्या, शेवटचीसुद्धा. आतली झडप उघडून, बाहेरचीही कडी पाडून ढकलली होती. दार आणि खिडकी समोरासमोर उघडी पडली, आणि वाऱ्यानं हिवाळाभराचं काम छताला नेऊन लावलं. चुलीवरच्या सारात पिसं, ब्रेडवर पिसं, आन्येलेच्या डोक्यावरच्या रुमालावर पिसं. आन्येले दोन्ही हात टेबलावर पसरून उरलेला ढीग दाबून बसली होती.

"दार लाव गं बाई. काय बघतेस?"

दाल्या बघत नव्हती. वाऱ्याला ओल्या मातीचा वास होता, अगदी बारीक, आणि ती तो पोटभर आत घेत होती. लाकडं हातातच होती.

उग्नेला पिसांचं काही नव्हतं. ती खिडकीतून कमरेपर्यंत वाकून रस्त्याकडे बघत होती.

"बाबांना उशीर होत असेल," ती म्हणाली. "अलीतुसहून येणारी बस बर्फात अडकते ना."

दाल्यानं लाकडं टाकली. दार लावलं. उग्नेला आत ओढलं, दोन्ही झडपा लावल्या, कडी घातली. कापूस जागच्या जागी सारला. मग डब्यातून मूठभर पीठ काढलं आणि पाणी घालून पातेलं चुलीवर ठेवलं.

"हे काय आता?" आन्येलेनं विचारलं.

"खळ."

"मार्चमधे?"

दाल्या ढवळत राहिली.

"माणसांपेक्षा खिडकीच जास्त पीठ खाते या घरात," आन्येले म्हणाली. ती उठून चुलीशी आली आणि सुनेच्या केसांतलं एकेक पीस काढू लागली. आवाज खाली आणून म्हणाली, "रविवारी फोन ठेवलास आणि कोरडी ताटं पुसत बसलीस. म्हातारी झालेय गं मी, खुळी नाही झाले."

"मग तुम्हीच सांगा तिला."

आन्येलेनं हातातली पिसं बघितली. टेबलाशी जाऊन ती ढिगावर ठेवली, आणि खुर्चीत बसली.

"पट्टी दुहेरी लाव," ती म्हणाली.

दाल्यानं वर्तमानपत्र दुमडून कापलं. खळ अजून गरम होती, बोटं पोळत होती. तिनं पट्टी फटीवर धरली आणि वरपासून खालपर्यंत अंगठ्यानं दाबत आली. एकदा, मग पुन्हा. माशी आता ब्रेडवर बसली होती. उग्ने स्टुलाला धरून उभी होती. तिच्या भुवईवर एक पीस अडकलं होतं, पण ती ते काढत नव्हती. ती आईच्या अंगठ्याकडे बघत होती.

"आई," तिनं विचारलं, "बाबा आलेले नको आहेत का तुला?"