अंगाला लावायचं तेल

कढई भिंतीवर आदळली आणि तेलाचा ओघळ चुन्यावरून सरसर खाली आला. कातला माशाचे तुकडे पाटाखाली, चुलीमागे, वाट फुटेल तिकडे जाऊन पडले. बीथिका वेळेवर बाजूला झाली म्हणून तोंड वाचलं. डावा हात मात्र मनगटापासून कोपरापर्यंत पोळला.

"जहर आहे हे, जहर!" तिचा नवरा भवतोष ताटावरून उठून थेट स्वयंपाकघरात आला होता. "मासा आहे की कडुनिंबाचा पाला? काय घातलंस यात? खरं बोल!"

बीथिकाकडून चूक झाली होती खरी. तेलातून धूर निघाल्याशिवाय मासा सोडायचा नाही, हे आईने लहानपणी शिकवलेलं. मोहरीच्या तेलाचा उग्रपणा त्या धुराबरोबर जातो. आज बंगळुरूहून लेकीचा, तुशीचा, फोन आला, बोलता बोलता आच मोठी राहिली आणि हात आपल्या जुन्या सवयीने चालला. पण कढईत मोहरीचं तेल नव्हतंच. ऑलिव्हचं होतं, आणि ते इतकं तापवलं की कडू होतं.

दुर्गापूजेच्या आधी भवतोषच्या छातीत कळ आली, तेव्हा डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं. "या खेपेला निभावलं. पुन्हा झटका आला तर माणूस हाती लागणार नाही. तळण बंद, चरबी बंद. तेल हे वापरा, तेही चमचाभर." ज्याला सांगायचं तो तर दगड. म्हणून तिने मोहरीच्या तेलाच्या बरणीत हे तेल भरलं, मंद आचेवर जपून रांधलं, आणि नाकाला झणका लागावा म्हणून रोज वरून मोहरीची कासुंदी फेटून घातली. पौष उजाडला तरी त्याला पत्ता नव्हता. चार घास मिटक्या मारत खायचा आणि छाती ठोकून सांगायचा, "बघ, मोहरीच्या तेलाने कोणी मरत नाही!"

भवतोषने फडताळ उपसलं. तांदळाच्या डब्यामागून हिरवी बाटली निघाली.

"हे?" त्याचा आवाज एकदम खाली आला. आवाज खाली आला की हात वर जातो, हे तिला ठाऊक होतं. "थंडीत अंगाला चोळायचं तेल? अंगाला लावायचं तेल तू मला खायला घालतेस?"

"अहो, डॉक्टरांनी..."

"डॉक्टर माझा बाप लागतो?"

त्याने तोच पोळलेला हात धरला, पिरगाळला आणि ओट्याच्या कडेवर आपटला. पुन्हा आपटला. शंखाची बांगडी वाढली. एक टवका मनगटात रुतला आणि रक्ताचा थेंब ओट्यावर पडला.

दोघेही त्या तुकड्यांकडे बघत राहिले. नवऱ्याच्या आयुष्यासाठी घातलेली बांगडी नवऱ्यानेच फोडली होती. भवतोष जरा दचकला. पण दचकलेला मर्द तो, माफी थोडीच मागणार? त्याने तिच्या थोबाडीत दिली.

"अशी बघतेस काय? उरलेला मासा कर. मोहरीच्या तेलात. नाहीतर या चुलीत तुलाच घालीन."

तो पाठ फिरवून माठातलं पाणी प्यायला लागला. जमिनीवर विळी उभी होती, पात्यावर माशाचं रक्त अजून ओलं होतं. बीथिकाने विळीकडे पाहिलं. मग त्याच्या मानेकडे. तो घटाघट पाणी पीत होता.

तिने विळी आडवी केली.

लोणच्यासाठी ठेवलेलं घाण्याचं मोहरीचं तेल फळीवर होतं. चमचा न घेता तिने ते कढईत ओतलं, चांगला धूर निघू दिला. पोटाकडचे जाड तुकडे तळले, डोकं तळलं. मांजरासाठी बाजूला काढलेली माशाची चरबीसुद्धा पिठात कालवून तिची भजी काढली. घर वासाने भरून गेलं.

भवतोष पाटावर बसला, पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "हां! याला म्हणतात रांधणं. आधीच असं करायला काय धाड भरली होती?"

"चुकलंच माझं," बीथिका म्हणाली. मनापासून म्हणाली. "आता रोज असंच करीन. डोकं घ्या ना, तुमच्यासाठीच ठेवलंय."

त्याला वाढून ती हिरवी बाटली घेऊन अंगणात उन्हाला बसली. तळहातावर तेल घेऊन हळूहळू हाताला लावू लागली. शेजारची राकाबौदी, म्हणजे राकावहिनी, भिंतीवरून डोकावली. आरडाओरडा तिने ऐकला होता, त्याबद्दल ती काही बोलली नाही. तिची नजर मनगटावर गेली.

"अगं बाई! हात मोकळा? असं राहू नये गं, नवऱ्याच्या जिवाला बरं नव्हे. ऊठ, बाजारात शंखाच्या बांगड्या घेऊन शंखारी बसलाय, आत्ताच्या आत्ता नवी घालून ये."

आतून भवतोषची हाक आली, "ए तुशीची आई, भजी आहेत का अजून?"

"आहेत हो, भरपूर आहेत! आले!"

बांगडीच्या जागी मनगटावर पांढुरकं वळं उमटलं होतं. बीथिकाने त्यावरून तेलाचं बोट फिरवलं.

"राहू दे, बौदी," ती उठत म्हणाली. "थोड्या दिवसांसाठी नवी कशाला?"