वन्संच्या तोंडाचा पट्टा

"परत बुटाची नाडी सुटली? शाळकरी पोरांना जमतं ते हिला जमत नाही, आणि निघाली महिनाभर डोंगर तुडवायला!" भर पावसात वन्सं भावजयीवर कडाडल्या.

भावजय चिखलात वाकली. नाडी घट्टच होती. पण चढावर वन्संना धाप लागली की कुणीतरी निमित्त काढून थांबायचं, हे सोबतच्यांनी न बोलताच ठरवून टाकलं होतं. दातांचे डॉक्टर ओल्या पानांचे फोटो काढायचे, शिंपीणबाई तहान नसताना पाणी प्यायच्या. आणि वन्सं प्रत्येकाची बिनपाण्याने हजामत करायच्या. आता त्यांच्याशी कुणी धड बोलतही नव्हतं.

मोठ्या चढाआधी सगळे निवाऱ्यात शिरले. वाटाड्या म्हणाला, "पलीकडच्या ओढ्याचं पाणी वाढतंय. आता वाटेत एकदाही थांबलो, तर ओलांडता येणार नाही."

भावजय पुन्हा बुटाकडे वाकली.



"ऊठ!" वन्सं खेकसल्या. "धाप ऐकू जाऊ नये म्हणून ओरडत होते मी. पुढचं मला जमणार नाही. निघा तुम्ही."