व्हॅनमधली टकटक

मागच्या दाराचं आतलं कव्हर एकदाचं निघालं. सुनेने टॉर्च दातांत धरून आत डोकं घातलं. आत गंज, एक वाळकं पान आणि कुणाची तरी केसांची पिन. वाजण्यासारखं काहीच नाही.

"नाही ना सापडलं?" नवरा पायरीवर चहा पीत बसला होता. "मी सांगतो ते ऐक. म्हातारी झालीय ती व्हॅन. माझा हात लागला की गप्प बसते, तुझा लागला की कुरकुरते."

"व्हॅनला काय कळतं रे, कोण चालवतंय ते?"

हाच तर किडा सकाळपासून तिच्या डोक्यात वळवळत होता. तो चालवायचा तेव्हा व्हॅन अगदी गुणाची. ही चालवायला बसली रे बसली, की मागून कुठून तरी टक्. वळणावर टक्. कुणी स्कूटरवाला आडवा आला की टक् टक्. असं कसं होईल? तिने आधी ड्रायव्हरच्या सीटचे नट आवळले. मग छताचं लोंबणारं कापड चिकटवलं, पडद्याचा दांडा काढून ठेवला, बेल्टच्या बकलला चिंधी गुंडाळली. गल्लीच्या टोकापर्यंत सासूबाईंना बसवून फेरी मारून आली. आवाज आपला जिथल्या तिथे.

एरवी तिने नाद सोडलाही असता. पण उद्या सासूबाईंना त्यांच्या थोरल्या बहिणीकडे न्यायचं होतं. खुब्याचं हाड मोडून ती बाई अंथरुणाला खिळलेली, आणि रोज फोनवर एकच विचारायची, "येतेस ना गं?" नवऱ्याला सुट्टी नव्हती. सासूबाईंच्या गुडघ्यांना बसचे धक्के सोसवत नव्हते. म्हणजे नेणार सूनच. सासूबाईंनी मात्र काल सांगून टाकलं होतं, "कसली येतेय, ताई! गाडी वाजतेय. जीव मुठीत धरून कुठे एवढ्या लांब यायचं?" आणि फोन ठेवून पदराने डोळे टिपले होते. सुनेला ते बघवलं नव्हतं.

आत्ताही त्या बाहेर आल्या. बहिणीसाठी शिवलेला सुती गाऊन हातात होता. त्याची घडी घालत होत्या, मोडत होत्या.

"लागला का छडा?"

"लागेल, आई. जातोय कुठे!"

"राहू दे गं. नसेल जमत तर नसेल. फोन आहेच की." असं म्हणाल्या खऱ्या, पण तिथून काही हलेनात.

आता उरली होती फक्त खालची मॅट. सून ड्रायव्हरच्या मागच्या सीटपुढे गुडघ्यांवर बसली. ही सासूबाईंची नेहमीची जागा. मॅट उचलायला हात घातला आणि ती थबकली. डावीकडे मॅट अगदी नव्यासारखी. उजवीकडे मात्र झिजून झिजून तिला चक्क भोक पडलेलं. भोकाखालची पत्र्याची पट्टी वाकलेली, तिचा स्क्रू ढिला. सुनेने अंगठ्याने पट्टी दाबली.

टक्.

अरेच्चा! पण मॅट इथेच का झिजावी? ती सीटवर जाऊन बसली, पाय पुढे केले. उजवं पाऊल अलगद भोकावर जाऊन टेकलं. तिथेच, जिथे पुढे बसलं की ब्रेक असतो.

म्हणजे आई मागे बसून ब्रेक दाबतायत! मी चालवायला लागल्यापासून! तिला आधी खदखदून हसू आलं. मग रागही आला. एवढा अविश्वास? लेक चालवतो तेव्हा तर पहिल्या सिग्नलला यांचा डोळा लागतो.

"सापडलं!" ती ओरडली आणि लगेच जीभ चावली.

नवरा कप घेऊनच धावला. "काय होतं?"

"काही नाही. या पट्टीचा स्क्रू ढिला होता."

"मग मी चालवताना का नाही वाजत?"

"ढिल्या स्क्रूचं काय सांगावं? वाजला तर वाजला."

"हे काय उत्तर झालं?" आता तोही पेटला. वाकून आत बघायला लागला. "थांब, थांब. मॅट इथेच कशी फाटली? तीही एकाच बाजूला?"

सुनेने वर पाहिलं. सासूबाई दाराशी आल्या होत्या. त्या भोकाकडे बघत होत्या. मग त्यांनी स्वतःच्या उजव्या पायाकडे पाहिलं. पुन्हा भोकाकडे. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं, आणि त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. सुनेचा राग कुठल्या कुठे गेला. लेकासमोर त्यांची फजिती होऊ नये, एवढंच तिला वाटलं.

"जुनी मॅट आहे. फाटते," ती नवऱ्याला म्हणाली. "प्रत्येक गोष्टीत नाक खुपसलंच पाहिजे का?"

"तू उभा काय राहिलायस?" सासूबाई लेकाला म्हणाल्या. "जा, माळ्यावरून माझी मोठी बॅग काढ. सकाळी लवकर निघायचंय आम्हाला."

तो दोघींकडे आळीपाळीने बघत, डोकं खाजवत आत गेला.

सून मान खाली घालून स्क्रू पिळत राहिली. सासूबाई हळूहळू आत चढल्या, आपल्या जागेवर बसल्या आणि तिच्या हाताशेजारी पट्टीवर उजवं पाऊल टेकवलं. थोडं दाबून पाहिलं. आवाज आला नाही.

"बास गं," त्या हलकेच म्हणाल्या. "एवढा नको आवळूस. मी ब्रेक मारला, तर तुला कळायला नको?"