लिनक्स टाकल्यापासून

न्यागोंडवे या निवृत्त नर्स मलावीतल्या म्झुझू शहरात एकट्याच राहायच्या. लॅपटॉपवर चर्चची गाणी टाइप करायच्या. त्यात व्हायरस शिरला की मुलगा वेझी राजधानी लिलोंग्वेहून बसने यायचा. दिवसभर लॅपटॉपशी झटायचा, आईच्या हातचा मक्याच्या पिठाचा न्सिमा आणि मासे पोटभर खायचा आणि एक मुक्काम करून परत जायचा.

शेवटचा आला तेव्हा त्याने जुनी सिस्टीम काढून लिनक्स टाकलं. "आता निर्धास्त राहा, आई. यात सहसा व्हायरस शिरत नाही. यासाठी मला परत यावं लागणार नाही."

आणि खरंच लागलं नाही. दोन वर्षांत लॅपटॉप एकदाही अडला नाही. वेझी फोनवर विचारायचा, "लॅपटॉप बरा आहे ना?"

"बरा आहे."

"मग झालं तर," म्हणून तो फोन ठेवायचा.

एका शनिवारी न्यागोंडवेंनी लॅपटॉप फडक्यात गुंडाळला आणि बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेला. "यातलं लिनक्स काढ आणि पहिली होती ती सिस्टीम टाक."

त्याने लॅपटॉप चालवून पाहिला. "मावशी, हा तर झकास चाललाय. जुनी टाकलीत तर महिन्याभरात पुन्हा व्हायरस शिरेल."

"महिन्याभरात?" त्यांनी विचारलं. "नक्की ना?"